१०५ कलमे आणि एक टोपली

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ ची. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ब्राझीलमध्ये रिओ इथे वसुंधरा परिषद भरली होती आणि शंभराहून अधिक देशांचे प्रमुख तिथे जमले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. इकडे विश्वास ऊर्फ भाऊ काटदरे आणि निसर्गाचे वेड असलेली चार मंडळी एकत्र येत होती, तिकडे सत्तावीस तत्त्वांचा जाहीरनामा मंजूर होत होता. त्यातले बारावे तत्त्व व्यापाराविषयी आहे. दुसऱ्याच्या हद्दीतल्या पर्यावरणाची काळजी म्हणून एखाद्या देशाने एकतर्फी व्यापारबंदीचे हत्यार उपसू नये, होईल तितके सहमतीने मार्ग काढावेत, असा त्याचा आशय. चिपळूणची संस्था आणि हे बारावे तत्त्व पुढे एकाच प्राण्यापाशी येऊन भेटले. तो प्राणी म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीचे समुद्री कासव.

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे अध्यक्ष, चिटणीस, देणगीदार आणि सत्कार यांची ओळीने नोंद करायची, असा आपल्याकडचा रिवाज. त्या नोंदी जपायला हव्यातच, पण त्यासाठी इतिवृत्ताची वही आहे. मला इथे एकाच प्रश्नाच्या अंगाने ही वाटचाल पाहायची आहे. समुद्र, पक्षी आणि मासे अनेक राज्यांच्या आणि देशांच्या सामाईक मालकीचे असताना कोणते काम आधी हातात घ्यायचे, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? जगभरच्या परिषदा या प्रश्नाशी झगडत आल्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेने त्याचे जे उत्तर दिले ते मला अधिक कामाचे वाटते.

सुरुवातीची वर्षे थोडक्यात सांगतो. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत संस्थेचे कार्यकर्ते कोकणचा किनारा पायाखाली घालत होते. गिधाडांच्या उरल्यासुरल्या वसाहतींकडेही त्यांचे लक्ष होते. याच काळात सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवरचा एक प्रकार त्यांच्या नजरेस आला. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळी घरटी करते. लाळेने चिकटवून बांधलेली ही घरटी खरवडून काढली जात होती. ती वेंगुर्ल्याच्या बाजारात कोणी विकत घेत नाही. पाकोळीच्या घरट्याचे सूप चीन आणि आग्नेय आशियात पितात, मागणी तिकडची. गुहा आपली, पक्षी आपला, दोर लावून खाली उतरणारा माणूस आपला, आणि गिऱ्हाईक तीन देश ओलांडून पलीकडे. निसर्गाच्या नासाडीला परदेशी बाजारपेठ असते हा धडा संस्थेला पुस्तकातून नव्हे, या खडकांवर मिळाला. वनखात्याला बरोबर घेऊन बेटांवर पहारा बसवण्याचे काम तिथून सुरू झाले.

खवले मांजराच्या बाबतीत पुढे तेच झाले. खवल्यांची तस्करी पूर्वेकडच्या देशांत. २०१६ साली वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या जोहान्सबर्गच्या ‘साइट्स’ परिषदेत खवले मांजराच्या आठही जाती परिशिष्ट एकमध्ये गेल्या, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. संस्थेने काय केले? चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव भरवला, खवले मांजराची प्रतिमा पालखीत बसवून मिरवली. परिशिष्ट कोणाच्या लक्षात राहात नाही, पण शिमग्याला पालखी नाचवणाऱ्या गावाच्या लक्षात पालखी राहतेच.

आता कासवाकडे वळू. त्यासाठी आधी कोळंबीकडे जावे लागेल.

ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर कासव सापडते. कासवाला श्वासासाठी पाण्यावर यावे लागते. जाळे तासन्‌तास खाली ओढले जात असेल तर ते बुडून मरते. यावर अमेरिकेत एक उपाय निघाला, टर्टल एक्स्क्लुडर डिव्हाइस, थोडक्यात ‘टेड’. जाळ्याच्या शेपटाकडच्या निमुळत्या भागात सळ्यांची एक तिरकी चौकट बसवतात. कोळंबी सळ्यांच्या फटींतून मागे जाते, कासव चौकटीवर आपटून घसरते आणि झडप ढकलून बाहेर पडते. १९८९ साली अमेरिकेने कायदा केला की ज्या देशाचे ट्रॉलर टेड वापरत नाहीत त्या देशाची कोळंबी आम्ही घेणार नाही. आधी तो कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकच्या देशांपुरता होता. मग तिथल्या न्यायालयाच्या निर्णयामुळे १९९६ च्या मे महिन्यापासून तो साऱ्या जगाला लागू झाला.

भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड या चार देशांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. भारत आणि पाकिस्तान एकाच बाकावर बसून वकिली करताहेत, असे दृश्य फारसे दिसत नाही. कोळंबीने ते घडवले. १२ ऑक्टोबर १९९८ रोजी अपील मंडळाचा निकाल आला. तो दोन्ही बाजूंनी नीट वाचण्यासारखा आहे. मंडळ म्हणाले, कासव ही संपुष्टात येऊ शकणारी नैसर्गिक संपत्ती आहे, तिच्या रक्षणासाठी व्यापारावर निर्बंध घालता येतात. पण अमेरिकेने तो कायदा ज्या रीतीने राबवला ती रीत भेदभावाची आहे. आपल्या शेजारच्या देशांशी अमेरिकेने वाटाघाटी केल्या, त्यांना तांत्रिक मदत दिली आणि टेड बसवायला तीन वर्षे दिली. आशियातल्या देशांना मिळाले चार महिने. वाटाघाटी तर झाल्याच नाहीत. शेजाऱ्याशी बोलायचे आणि लांबच्याला नोटीस पाठवायची, हे मंडळाला पटले नाही. रिओचे बारावे तत्त्वही निकालात उद्धृत झाले.

मग अमेरिकेला हिंदी महासागराच्या देशांशी बोलणे भाग पडले. जुलै २००० मध्ये मलेशियातल्या क्वांटन इथे या देशांच्या बैठकीत एका सामंजस्य कराराचा मसुदा ठरला. जून २००१ मध्ये मनिला इथे त्याचा कृती आराखडा मंजूर झाला आणि १ सप्टेंबर २००१ पासून ‘हिंदी महासागर व आग्नेय आशिया सागरी कासव सामंजस्य करार’ लागू झाला. बंधनकारक नसलेला, स्थलांतरित प्राण्यांच्या बॉन कराराच्या छत्राखालचा. श्रीलंका पहिल्या सह्या करणाऱ्यांत होती. पाकिस्तान, बांगलादेश, ओमान मागून आले, भारताने २००७ च्या फेब्रुवारीत सही केली. आज सह्या करणारे देश ३५ आहेत.

या आराखड्यात सहा उद्दिष्टे आहेत, २४ कार्यक्रम आहेत आणि १०५ कृती आहेत. अंडी राखण्यापासून संशोधन, कायदे, लोकसहभाग, निधी, माहितीची देवाणघेवाण असे सारे काही त्यात आहे. वगळावे असे एकही कलम दिसत नाही, आणि अडचण तिथेच आहे. १०५ कामे एकाच वेळी महत्त्वाची असली की मंत्रालयातला अधिकारी ज्या कामाचा अहवाल लिहायला सोपा ते काम आधी करतो.

शेजारी देशांच्या बाकीच्या व्यासपीठांचा अनुभव फार वेगळा नाही. दक्षिण आशिया सहकारी पर्यावरण कार्यक्रम, म्हणजे ‘साकेप’, १९८२ पासून कोलंबोत आहे. सार्कच्याही आधीची ही संस्था. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव यांच्या समुद्रासाठी तिच्याकडे १९९५ चा कृती आराखडा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर दहा नाखव्यांना विचारा, एकाला तरी तिचे नाव ठाऊक असेल का, याची मला शंका आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचे जरा बरे म्हणायचे. १९९४ मध्ये ‘नाफ्टा’चा मुक्त व्यापार सुरू झाला त्याच दिवशी तिघांचा पर्यावरण सहकार्य करारही लागू झाला आणि त्यातून मॉन्ट्रियलला पर्यावरण सहकार्य आयोग आला. व्यापाराबरोबर सहकार्याचे दुकानही त्यांनी मांडले. सामान्य नागरिकाला तिथे आपल्या सरकारविरुद्ध तक्रार घालता येते. त्या आयोगाने हाती घेतलेल्या कामांत लोकांच्या ध्यानात राहिले ते मोनार्क फुलपाखरू. मेक्सिकोतल्या डोंगरी जंगलात हिवाळा काढणारे आणि उन्हाळ्यात कॅनडापर्यंत पोचणारे. तिघांचे सामाईक आणि डोळ्यांना दिसणारे. त्यांचे मोनार्क ते आमचे कासव.

मनिलाला आराखडा मंजूर झाल्यावर साधारण वर्षभराने, २००२ मध्ये, समुद्री गरुडाची पाहणी करत संस्थेचे कार्यकर्ते मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचले. वेळास म्हणजे नाना फडणविसांचे गाव. रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर टोक, बाणकोटच्या किल्ल्याच्या आणि सावित्रीच्या मुखाच्या शेजारचे. तिथल्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. चौकशी केली तेव्हा कळले की कासवे दरवर्षी येतात, अंडी माणसे काढतात, खातात आणि विकतात, उरलेली कोल्हे आणि कुत्री उकरतात. कोणी लपवले नाही, कारण लपवण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटतच नव्हते. वाळूतल्या मागावरून काठी खुपसायची, काठी सैल गेली की खाली अंडी. पिढ्यान्‌पिढ्यांची ही विद्या.

संस्थेपुढे त्या वेळी कामांची यादी काही लहान नव्हती. ट्रॉलरच्या मागे लागता आले असते, न्यायालयात जाता आले असते, मुंबईत परिषद भरवता आली असती. तिने एकच काम निवडले. एका गावात, एका हंगामात, एकही अंडे माणसाच्या किंवा कुत्र्याच्या हाती लागू द्यायचे नाही. ज्यांना काठी खुपसून अंडी शोधता येत होती त्यांनाच हाताशी धरले. माग ओळखणारा माणूस कुठून शिकवून आणायचा? तो गावात आयताच होता. त्याने पहाटे पुळण फिरायची, घरटे सापडले की अंडी राखायची, त्याबद्दल मानधन घ्यायचे. पहिल्या हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली.

या कामाची रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. मादी साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री वर येते, भरतीच्या रेषेच्या वर सुरईच्या आकाराचा दीड-एक फूट खोल खड्डा मागच्या पायांनी खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू थोपटून बुजवते आणि निघून जाते. परत फिरून बघत नाही. कासवमित्र पहाटे माग काढत तिथे पोचतो, अंडी हातांनी उचलतो. उचलताना ती उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, आणि जे करायचे ते पहिल्या काही तासांतच. पुळणीच्या वरच्या अंगाला जाळीने घेरलेली हॅचरी असते. तिथे तसाच खड्डा, तितकाच खोल. वर पाटी: घरटे कधीचे, अंडी किती. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्ले निघतात. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, कमी तापली तर नर अधिक, हे गणित वाळू स्वतःच करते. दिवस भरत आले की खड्ड्यावर वेताची टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात.

टोपली उचलण्याचा तो क्षण पाहायला पुण्या-मुंबईची माणसे रात्रीचा प्रवास करून येतात. कधी खाली नुसती वाळू असते. आलेले लोक हळहळतात आणि संध्याकाळपर्यंत थांबतात. कधी टोपलीखाली करड्या रंगाची, आगपेटीएवढीही नसलेली पंचवीस-तीस पिल्ले एकमेकांवर चढत असतात. ती मोजून पाटीत घेतात आणि पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. उचलून पाण्यात टाकत नाहीत. त्या चार हात वाळूवरून त्यांनी स्वतः चालत जायचे असते. वाढून मोठी झालेली मादी पुन्हा याच परिसरात अंडी घालायला येते, आणि त्या ओळखीची सुरुवात या चालण्यात होते असे मानले जाते. बघ्यांना दोरीच्या मागे उभे करतात. पहिल्या लाटेने दोन-चार पिल्ले उलटी होऊन परत फेकली जातात. एखादे लहान मूल “अगं, ते बघ, उताणं पडलं!” म्हणून ओरडते, आणि तोवर दुसरी लाट त्याला घेऊन गेलेली असते.

कासव महोत्सव यातूनच उभा राहिला. पिल्ले पाहायला येणाऱ्यांनी कुठे राहायचे? गावातल्या घरांत. काय खायचे? घरात होईल ते. वरण-भात, मोदक, सोलकढी. हॉटेल नाही, लॉज नाही. अंडे विकून जे पैसे मिळत त्याहून अधिक पैसे अंडे न विकता घरात येऊ लागले आणि राखण संस्थेकडून गावाकडे गेली. मला वाटते संस्थेच्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा टप्पा कोणता म्हणाल तर हा. गाव पाहुण्यांचा हिशेब करू लागले तेव्हा संस्थेला बाजूला होता आले. वेळासचे पाहून आंजर्ले, केळशी, कोळथरे, गुहागर, गावखडी अशा किनाऱ्यांवरही राखण सुरू झाली. रायगडात हरिहरेश्वर, दिवेआगर, सिंधुदुर्गात वायंगणी. गोव्यात मोरजीला तर हे काम वेळासच्या आधीपासून चालू होते. २०१२ साली राज्याचा कांदळवन कक्ष झाला. आता जिल्ह्यातले बरेचसे काम वनखाते आणि कांदळवन प्रतिष्ठान कासवमित्रांच्या मदतीने करते. मनिलाच्या १०५ कलमांतली किती कलमे वेळासच्या टोपलीखाली पुरी झाली हे मोजण्याच्या फंदात कोणी पडले नाही, तेच बरे.

प्राधान्यक्रमाचा हाच मुद्दा गिधाडांच्या कथेत अधिक ठळक दिसतो. संस्थेने गिधाडांसाठी काम केले ते नेमके गिधाडे नाहीशी होत होती तेव्हा. नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडे झपाट्याने मरत गेली आणि पुष्कळ दिवस कारण कळेना. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये झालेल्या अभ्यासाने कारण दाखवले: जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. बांगलादेशाने २०१० मध्ये. शोध शेजाऱ्याकडे लागला, बंदी सर्वांनी घातली, तीही पाच-सहा वर्षांत. या उपखंडात याहून बरे पर्यावरणीय सहकार्य मला तरी आठवत नाही. २०१२ मध्ये हे चारही देश दिल्लीत एकत्र बसले ते काम सुरू झाल्यावर.

हे का जमले? एकच औषध होते. त्याला मेलॉक्सिकॅमचा पर्याय हाताशी होता. प्रत्येक देशाला ते आपल्या हद्दीत, आपल्या आदेशाने, शेजाऱ्याची वाट न बघता करता येत होते. म्हणून मला कोणी विचारले की शेजारी देशांनी पर्यावरणाची कामे कोणत्या क्रमाने घ्यावीत, तर मी म्हणेन, ज्याचे मोजमाप आपल्या अंगणात होते आणि ज्याला पर्याय तयार आहे ते आधी. सामाईक निधी, सामाईक सचिवालय, सामाईक संशोधन केंद्र या गोष्टी मागून. गिधाडांचे काम अजून संपलेले नाही, हेही खरे. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात होत्या, त्या २०१५ मध्ये बंद कराव्या लागल्या. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरची बंदी २०२३ मध्ये आली.

सगळे शेजारी परदेशातच असतात असे नाही. रत्नागिरीच्या मच्छीमाराला सर्वात जवळचे शेजारी म्हणजे गोवा आणि कर्नाटक. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा कायदा, पुढे केंद्राचा. मासळीला ही रेघ माहीत नाही आणि कर्नाटकातल्या मलपीच्या वेगवान ट्रॉलरना ती माहीत असूनही फारशी आडवी येत नाही, अशी आपल्याकडची जुनी तक्रार. पावसाळी बंदीच्या तारखाही प्रत्येक राज्याच्या वेगळ्या असत. आपली १० जूनपासून, नारळी पौर्णिमा किंवा १५ ऑगस्ट यांतले जे आधी येईल तोवर. गोव्याची निराळी. एकाची बंदी सुटली की त्याच्या नौका बंदीतल्या शेजाऱ्याच्या पाण्यापर्यंत येत. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर खोल समुद्रासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकच बंदी आहे. एलईडीच्या झगमगाटात मासे ओढण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातली. तारीख एकच झाली तर अंमल सोपा होतो. दिव्यांवरची बंदी मात्र रात्रीच्या समुद्रात कोण बघणार, या प्रश्नापाशी अडखळते.

टेडचे घोडेही असेच अडले आहे. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांसाठी टेड तयार केले, पण झडपेतून कोळंबी निसटते अशी तांडेलांची तक्रार आहे. ती सगळी खोटी म्हणता येणार नाही. २०१९ पासून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणे बंद केले आहे. तळ्यातली चालते, समुद्रातली नाही. म्हणजे १९९६ चा वाद तेवीस वर्षांनी फिरून दारात आला. फरक इतकाच की या वेळी चार महिन्यांच्या नोटिशीची तक्रार करायला जागा नव्हती. आपल्याला दोन दशके मिळाली होती. राज्याने मात्र डिसेंबर २०१८ पासून एक चांगली गोष्ट केली. जाळ्यात सापडलेले कासव किंवा दुसरा संरक्षित जीव जाळे कापून सोडला, तर नुकसानभरपाई म्हणून मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. जाळ्याची किंमत सरकारने मान्य केली, तेव्हा कासवाची किंमत मच्छीमारानेही मान्य केली.

आमची कासवे पुढे कुठे जातात, हे फार काळ कोणाला माहीत नव्हते. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी वेळासच्या मादीच्या पाठीवर पहिले उपग्रह टॅग बसवले. तिचे नाव ‘प्रथमा’. मग आंजर्ल्याची ‘सावनी’, गुहागरच्या ‘वनश्री’, ‘रेवा’ आणि ‘लक्ष्मी’. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरलाच ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’. गुहा लक्षद्वीपकडे गेली. बागेश्री कन्याकुमारीला वळसा घालून श्रीलंकेपाशी आणि तिथून थेट बंगालच्या उपसागरात. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या उलट घडले. गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षणाने लावलेली. अंदाजे साडेतीन हजार किलोमीटरचा फेरा. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, असा आजवरचा समज होता. त्या एका पट्टीने तो डळमळला. आपल्या कासवाचे बरेवाईट श्रीलंकेच्या जाळ्यांवरही अवलंबून आहे आणि त्यांचे आपल्या जाळ्यांवर, हे यापुढे अंदाजाने बोलायची गरज नाही.

नवी संकटे आहेतच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडची सुरूची बने आडवी केली. धूप थांबवायला बांधलेले दगडी बंधारे कासवाला वर येऊ देत नाहीत. पुळणीलगतच्या रिसॉर्टचे दिवे पिल्लांची दिशा चुकवतात. ती उजेडाकडे चालतात आणि समुद्र मागे राहतो. दिवे मालवायला मनिलाचा आराखडा लागत नाही, हंगामापुरता ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो. संस्थेला, वनखात्याला आणि गावांना पुढच्या दहा वर्षांसाठी पहिले काम सुचवायचे झाले तर मी हेच सुचवीन. दुसरे काम मिरकरवाड्यात टेड बसवलेल्या दोन-चार ट्रॉलरच्या प्रात्यक्षिकाचे. किती कोळंबी खरोखर निसटते ते तांडेलांनीच मोजावे आणि फलकावर लिहावे.

वाचकांना एक विनंती. किनाऱ्यावर, जाळ्यात किंवा बंदरावर पायाला पट्टी असलेले कासव दिसले, जिवंत असो वा मेलेले, तर पट्टी काढू नका. तिच्यावरचे आकडे नीट टिपा, फोटो घ्या, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.